सागरतळाची शिरगणती

ज्याच्या ताटात आठवड्यातून चार दिवस तरी बांगडा, तारली किंवा गेला बाजार सुकी सुंगटे असतात, त्या गोमंतकीय गृहस्थास समुद्र आपल्या चांगल्या परिचयाचा आहे असे वाटत असते. आम्हांसही पन्नाशी उलटेपर्यंत तसेच वाटत होते. वास्तविक आमचा परिचय मासळीच्या टोपलीपाशी सुरू होऊन तेथेच संपणारा. जे टोपलीत येत नाही, जे जाळ्यातून वाळूवर झटकले जाते आणि कावळ्याकुत्र्यांच्या हवाली होते, त्यालाही काही नाव असेल हा विचार आमच्या मनाला शिवला नव्हता. तो एका विद्यार्थ्याने आमच्या मनात घातला. त्या प्रकरणी आमचे वागणे फारसे शोभादायक नव्हते. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती हकिगत या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तेव्हा आम्ही मुख्याध्यापक नव्हतो. किनाऱ्यालगतच्या एका सरकारी विद्यालयात मराठी शिकवीत होतो. आठवीच्या वर्गात एका रांपणकाराचा मुलगा होता. बेळगाव-बडोद्याकडील वाचकांसाठी सांगावयाचे तर रांपण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात सोडून, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लावून किनाऱ्यावर ओढावयाचे भलेमोठे जाळे. हा मुलगा दर सोमवारी बिस्किटांचा एक गंजका डबा दप्तरातून काढी. त्यात रविवारी रांपणीतून निघालेला केर असे: काटेरी शंख, सापाच्या शेपटीसारखे पाच बारीक हात असलेला ठिसूळ तारा, पिसासारखा दिसणारा कोणी जांभळट प्राणी, वाळूची नळी. "सर, ह्याला मराठीत काय म्हणतात?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. ज्ञानेश्वरीतील एकेका शब्दावर तासभर बोलण्याची उमेद बाळगणारे आम्ही त्याला ठरलेले उत्तर देत असू, "समुद्रातला किडा." मुलगा आज्ञाधारक. त्याने ते वहीत उतरवून घेतले. वर्षअखेर ती वही आमच्या हाती आली, तेव्हा तीत 'समुद्रातला किडा, क्रमांक १' येथपासून 'समुद्रातला किडा, क्रमांक १४' येथपर्यंत सुबक चित्रांसह नोंदी होत्या. आम्ही हसलो आणि शुद्धलेखन तपासून वही परत दिली.

पुढे तो प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाला आणि समुद्रजीवनाचा पुढील अभ्यास करावा काय हे विचारण्यास आमच्या घरी आला. वडील सोबत होते. आम्ही विचारले, "किडे मोजून कोणाचे पोट भरले आहे काय?" आणि बी. एड.चा अर्ज कोठे मिळतो ते सांगितले. वडिलांनी मान डोलावली. मुलगा काही बोलला नाही, आणि त्याने आमचे ऐकलेही नाही. आमच्या नोकरीच्या तीस वर्षांचा अनुभव असा की, आमचा सल्ला न मानणारे विद्यार्थी मानणाऱ्यांहून वाईट निघाले असे सहसा झालेले नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्याचा दूरध्वनी आला. एका संशोधन प्रकल्पात तो किनारपट्टीच्या तळावरील जीवांची मोजदाद करीत होता. "सर, एकदा आमच्याबरोबर होडीवर या. माझ्या वहीचा पुढचा भाग दाखवतो." आमच्या सौ.नी खिशात आल्याची वडी आणि लिंबू घालून दिले. त्या दोहोंचा काही उपयोग झाला नाही हे आरंभीच नमूद करून त्या विषयाची रजा घेतो.

मांडवीच्या मुखातून बाहेर पडून आम्ही कांदोळीच्या समोर, सुमारे पंचवीस मीटर खोलीवर थांबलो. पाण्याचा तळ पाहावयाचा म्हणजे कोणी पाणबुड्या उतरणार अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षात दोन पोलादी जबड्यांचे एक यंत्र दोरखंडाला बांधून सोडण्यात आले. व्हॅन व्हीन या डच अभियंत्याने १९३३ साली हे योजिले, आणि आजही जगभर तळाचा नमुना बहुधा याच साधनाने घेतात. जबडे उघडे ठेवून ते खाली जाते. तळाला टेकताच त्यांचा अडसर सुटतो आणि दोर वर ओढू लागले की जबडे मिटून चिखलाचा घास घेतात. घास लहानच, शाळेतील पाटीएवढ्या जागेतला. तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर घालून समुद्राच्याच पाण्याने हळूहळू धुवावयाचा. जोराने धुतला तर जीव तुटतात. वर जे उरते ते फॉर्मालिनच्या बरणीत, आणि त्यात 'रोझ बंगाल' नावाचा गुलाबी रंग. या रंगामुळे मातीच्या व शिंपल्यांच्या चुऱ्यात देहधारी तेवढे गुलाबी होऊन वेगळे दिसतात. बरणीच्या आत चिठ्ठी टाकावयाची ती पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई विरघळते. दिनांक, ठिकाण, खोली. नावाचा रकाना तूर्त कोरा.

पहिला घास वर आला तेव्हा चिखलाला कुजक्या अंड्याचा दर्प होता. दुसऱ्यातही तेच. चाळणीवर शंखांची टरफले पुष्कळ राहिली. हलणारे मात्र काही दिसेना. तिसऱ्या घासानंतर आम्ही म्हणालो, "अरे, येथे काहीच नाही असे लिहून टाक आणि किनाऱ्याला चल."

त्यावर त्याने जे उत्तर दिले ते आम्ही आता वर्गात सांगतो. "सर, मला सापडले नाही असे लिहायचे असते. तिथे नाही असे लिहायचे नसते."

ह्या एका वाक्याच्या फरकाने मोठ्या विद्वानांस गोत्यात आणले आहे. एडवर्ड फोर्ब्स हे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ १८४१ साली ईजियन समुद्रात जाळीचा फावडा तळावरून ओढीत हिंडले. जसजसे खोल जावे तसतसे जीव विरळ, हे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की सुमारे तीनशे वावांच्या, म्हणजे साडेपाचशे मीटरांच्या खाली जीवसृष्टी नाहीच. ही उपपत्ती कित्येक वर्षे प्रतिष्ठा पावली. वास्तविक त्याआधीच, १८१८ साली, जॉन रॉस यांच्या खोली मोजण्याच्या दोराला बॅफिन उपसागराच्या पुष्कळ अधिक खोलीतून ताऱ्याच्या कुळातील एक जिवंत प्राणी गुंतून आला होता. पण आलेला पुरावा मतापुढे दिसेनासा होतो. फोर्ब्स यांचा दोष एवढाच की ईजियनचा तळ मुळातच अन्नाला गरीब आणि त्यांचे साधन लहान तोंडाचे. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगाची सागरप्रदक्षिणा केली, आणि तीन मैलांहून अधिक खोलीतूनही जीव वर आणले. त्या सफरीत विज्ञानास नव्या असलेल्या सुमारे ४,७०० जाती मिळाल्या. सफर साडेतीन वर्षांची. तिचे ५० खंड छापून पुरे होण्यास १८९५ साल उजाडले. शाळेच्या तपासणीचा अहवाल तीन महिने उशिरा गेला म्हणून आम्हांस आलेल्या कारणे दाखवा नोटिशीची या ठिकाणी आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आणि ही शिरगणती आजही पुरी झालेली नाही. २००० ते २०१० या दशकात ऐंशीहून अधिक देशांच्या सुमारे २,७०० शास्त्रज्ञांनी मिळून 'सागरी जीवांची जनगणना' केली. आजवर नाव मिळालेल्या सागरी जाती अडीच लाखांच्या आसपास भरतात. उरलेल्या किती? २०११ साली केलेल्या एका गणितानुसार एकूण जाती बावीस लाखांच्या घरात असाव्यात. म्हणजे दहांतील नऊ अद्याप बारशावाचून आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर, दोन हजार मीटरांच्या आसपास खोल अशा तळातून काढलेल्या चिखलाचे विश्लेषण १९९२ साली प्रसिद्ध झाले. सर्व नमुने मिळून जागा भरली अवघी एकवीस चौरस मीटर, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या खोलीएवढी. आणि जाती निघाल्या ७९८, पैकी निम्म्याहून अधिक विज्ञानास नव्या. त्या विभागात फोर्ब्स यांच्या मते काहीच नव्हते.

गोव्याचा या विद्येशी संबंध जुना आहे. हिंदी महासागराची जी आंतरराष्ट्रीय मोहीम १९६५ पर्यंत चालली, तिच्यातून भारतात १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय दोना पावल येथे आहे. १९७६ मध्ये सेवेत आलेल्या तिच्या जहाजाचे नाव 'गवेषणी'. गवेषणा म्हणजे शोध. इतके अचूक नाव ठेवणाऱ्या अज्ञात अधिकाऱ्यास आम्ही मनोमन नमस्कार करतो. याच 'गवेषणी'ने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून धातूंचे गोटे प्रथम वर आणले, तेव्हा देशभर गवगवा झाला. चिखलातील किड्यांचा गवगवा होत नाही. अशा एका गोट्याचा भाव काढता येतो, किड्याचा येत नाही.

आता त्या कुजक्या दर्पाकडे येऊ. होडी परतीला लागल्यावर आमच्या विद्यार्थ्याने त्याचा उलगडा केला. अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत पाण्याचा एक प्रचंड थर असा आहे की ज्यात प्राणवायू जवळजवळ नाही. पावसाळ्यातील वारे व प्रवाह यांमुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते आणि खालचे थंड, प्राणवायूला वंचित पाणी उतारावरून चढून आपल्या उथळ तळावर पसरते. वर मांडवी-जुवारीचे आणि पावसाचे गोडे पाणी झाकणासारखे बसते, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. खालून आलेल्या पाण्यात क्षार भरपूर. त्यांवर सूक्ष्म प्लवक माजतात, मरतात, तळाशी जाऊन कुजतात, आणि उरलासुरला प्राणवायूही संपवितात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो पुरता आटला की गंधकाचा वायू सुटतो. कांदोळीसमोर संस्थेचे संशोधक गेल्या शतकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षे त्याच जागी जाऊन पाणी मोजीत आले आहेत. हा क्रम निसर्गाचाच आहे, परंतु जमिनीवरून वाहून जाणाऱ्या खतांमुळे तो अधिक तीव्र होत असावा, असे त्यांनी २००० साली मांडले. वरती पर्यटक पोहत असतात आणि त्यांच्यापासून थोड्या मैलांवर, पंचवीस मीटर खाली, एक सृष्टी श्वास कोंडून बसलेली असते, याची आम्हांस गोव्यात जन्म काढूनही वार्ता नव्हती.

रांपणकारास मात्र होती. किनाऱ्यावर मुलाची वाट पाहत असलेल्या त्याच्या वडिलांना आम्ही ही शास्त्रीय उपपत्ती मोठ्या आविर्भावाने सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, चवथी उपरांत तळाची नुस्तीं तडीर येतात. मागीर आठ दीस जाळ रितें." चतुर्थीनंतर तळाची मासळी किनाऱ्याला लागते, आणि मग आठ दिवस जाळे रिकामे! बापाजवळ निरीक्षण होते, मुलाजवळ कारण. दोघांनी ही गोष्ट एकमेकांस यापूर्वी सांगितली नसावी असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले. मुलाने खिशातून वही काढली आणि वडिलांना विचारले, "बाबा, कोणत्या साली हे जास्त झाले ते आठवते का?"

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच्या प्रयोगशाळेत गेलो. ऑक्टोबरची बरणी आणि त्याच जागेची आदल्या जानेवारीतील बरणी त्याने शेजारी ठेवली होती. जानेवारीच्या बशीत सूक्ष्मदर्शकाखाली जणू आठवडी बाजार भरला होता. केसाळ कृमींच्या अनेक तऱ्हा, तांदळाएवढे शिंपले, उड्या मारीत असतानाच गोठल्यासारखे दिसणारे चिमुकले कवचधारी, ठिसूळ ताऱ्याची पिले. ऑक्टोबरच्या बशीत आम्ही ज्याला 'काहीच नाही' म्हटले होते, तेथे गुलाबी दोऱ्यासारखा एकाच प्रकारचा कृमी बराचसा होता. पॅराप्रिओनोस्पिओ हे त्याचे नाव. डोक्याजवळ पिसांसारख्या कल्ल्यांच्या जोड्या असल्यामुळे तो अत्यल्प प्राणवायूवर तग धरतो, आणि शेजारी गेले की जागा बळकावतो.

हे कृमी चाळताना तुटतात. एकाचे चार तुकडे झाले तर गणती कशी करतात, असे आम्ही विचारले. "फक्त डोकी मोजायची, सर. शेपट्या कितीही असोत." शिरगणती हा मराठी शब्द आम्ही आजवर शेकडो वेळा लिहिला असेल, तो इतक्या शब्दशः कोणी पाळीत असेल ही कल्पना नव्हती.

एखादा व्यवहारी वाचक म्हणेल की या मोजण्याने मासळी स्वस्त होणार आहे काय? नाही होणार. परंतु आमच्याच जुवारी नदीतील एक उदाहरण देतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन बसविलेले पुष्कळांनी पाहिले असतील. तो शिंपला चिखलीच्या खाडीत चिखलावर आडवा पडून राहतो. काही वर्षांपूर्वी तेथे त्याचा बेसुमार उपसा होऊ लागला, तेव्हा गावकऱ्यांनी आवाज उठविला. तो उठविता आला, कारण त्या प्राण्यास नाव होते, वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यात त्याची नोंद होती, आणि येथे तो राहतो हे कोणीतरी आधी लिहून ठेविले होते. ज्याचे नाव 'समुद्रातला किडा, क्रमांक १४' एवढेच आहे, त्याच्या वतीने कोणी कोणत्या कार्यालयात अर्ज करावा? बंदराचा गाळ उपसावयाचा असो, नाहीतर किनाऱ्यावर भराव घालावयाचा असो, तळावर आधी काय होते ते कागदावर नसेल तर नंतर काय गेले हे सिद्ध होत नाही.

आता आमच्या अपराधाकडे वळणे भाग आहे. त्याचा प्रकल्प तीन वर्षांचा होता. तो गेल्या मार्चमध्ये संपला. नवा मंजूर झालेला नाही. कृमीच्या अंगावरील केसांची ठेवण पाहून जात ओळखण्याची विद्या त्याला ज्यांनी शिकविली ते गुरुजी निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी कोणी आलेले नाही. ही विद्या पुस्तकातून अर्धीच येते; उरलेली अर्धी जाणत्याच्या शेजारी स्टुलावर बसून, आमच्या गायनवादनासारखी. हल्ली तांब्याभर समुद्रजळ गाळून त्यातील जनुकद्रव्यावरून तेथे कोण कोण राहतात हे ओळखण्याची युक्ती निघाली आहे. ती खरोखर अद्भुत आहे. मग तुझे काम संपले काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, ते हजेरीपटावरचे क्रमांक देते. क्रमांकासमोर नाव आधी कोणी लिहिलेले असेल तरच मूल कोण ते कळणार." आमचा शिष्य आम्हांस आमच्याच शाळेची उपमा देत होता.

सध्या तो एका खाजगी कचेरीत लागला आहे, गोव्याबाहेर. पगार बरा आहे. म्हणजे सतरा वर्षांनी का होईना, आमचे भाकीत खरे ठरले, आणि ते खरे ठरल्याचा आनंद आम्हांस तिळमात्र झालेला नाही. जाण्यापूर्वी त्याने बरण्यांची यादी करून दिली. कित्येक चिठ्ठ्यांवर नावाचा रकाना कोराच होता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, त्याचे वडील आमच्या दारात उभे राहिले. हातात ओल्या फडक्यात काही गुंडाळलेले. "मास्तर, हें कितें तें पळयात. पोर हांगा ना." फडक्यात करंगळीएवढी एक नळी होती, शिंपल्यांचे तुकडे कोणी सुईदोऱ्याने टाके घालून जोडावेत तशी. आत काहीतरी हलत होते. पन्नास वर्षे हा मनुष्य असल्या नळ्या वाळूवर झटकीत आला होता. आज ती त्याने दोन मैल चालत आणली होती. आम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिले. आमच्या जिभेवर जुने उत्तर आले होते, ते गिळले.

सुटी असल्याने शाळेची प्रयोगशाळा उघडून घेतली, बाटली आणि स्पिरिट काढले. वहीचा कागद फाडून पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली: दिनांक, गावाचे नाव, खोली सात वाव, रांपण. खोली वडिलांनी सांगितली, आणि ती मीटरांत लिहू नका असेही बजावले. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकली. नावाची जागा मोकळी ठेवली आहे. चतुर्थीला तो घरी येणार आहे.